वाघ आणताय, तर सांबरंही मोजा

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

ताडोब्याचे वाघ सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आणण्याच्या योजनेचं स्वागतच आहे. माझं म्हणणं आकड्यांबद्दल आहे. बातम्यांत आकडा येतो तो वाघांचा. पण या प्रकल्पातल्या कोयना-चांदोलीच्या रानात किती वाघ जगतील हे गवत आणि पाला ठरवणार.

गवतातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने दहावा हिस्सा सांबराच्या अंगी लागतो आणि सांबराचा दहावा वाघाच्या. बाकीची ऊर्जा पळण्यात, अंग ऊबदार ठेवण्यात, लेंड्यांत जाते. पर्यावरणशास्त्रज्ञ रेमंड लिंडेमन यांनी १९४२ साली एका तळ्याच्या अभ्यासातून हा हिशेब मांडला. अन्नसाखळी चार-पाच कड्यांच्या पुढे सहसा जात नाही, त्याचं हे एक मोठं कारण. वाघावर जगणारा प्राणी नाही, कारण त्याचं पोट भरेल इतके वाघ कोणत्याही जंगलात मावत नाहीत.

वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांचं गणित वनखात्याला पाठच असेल: एका वाघाला वर्षाला सुमारे ५० खुरवाले प्राणी लागतात, आणि कळप टिकायचा तर वाघाने दहांतला एकच उचलावा. म्हणजे एका वाघामागे ५०० जनावरं. केंद्राची परवानगी आठ वाघांची, म्हणजे ४,०००. बिबटे आणि कोळसुंदे (रानकुत्रे) त्याच ताटात जेवतात, ते वेगळेच.

आणि इथेच सह्याद्री फसवतो. पावसाळ्यानंतर हिरवागार दिसतो, पण सदाहरित रानातला बराचसा पाला उंच शेंड्यावर, सांबराच्या तोंडाला न लागणारा. दऱ्यांचे सुपीक तळ कोयना आणि वारणेच्या जलाशयांखाली गेले. पुनर्वसन झालेल्या गावांची जुनी शेतं हीच काय ती कुरणं उरली, आणि त्यांत रानमोडी हे तण घुसतं. रानमोडीला जनावर तोंड लावत नाही. ११६५ चौरस किलोमीटर हे क्षेत्रफळ कागदावर भरपूर आहे. त्यातलं चरण्याजोगं किती, हे जाहीर व्हायला हवं.

बाहेरून चितळ आणून सोडणं हा सोपा उपाय वाटतो. मला तो फारसा पटत नाही. एवढ्या पावसाच्या डोंगरात गवा, सांबर, भेकर, रानडुक्कर हीच मूळची मंडळी. ती चारही भक्कम असली तर एकावर रोग आला तरी वाघ तग धरतो. स्टुअर्ट पिम आणि जॉन लॉटन या पर्यावरणशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये गणिताने दाखवलं होतं की अन्नसाखळी जितकी लांब, तितका तिला धक्क्यातून सावरायला वेळ लागतो. फाशात गेलेली सांबरं, गुरांकडून गव्यांना होणारी लाळ्या-खुरकूत हे असेच धक्के. मग उपाशी वाघ वाडीवरच्या गुरांकडे वळतो आणि दोष त्याच्या माथी येतो.

म्हणून मागणी एवढीच: वाघांच्या आकड्याशेजारी दरवर्षी सांबर, गवा, भेकर यांची दर चौरस किलोमीटरची घनता छापा. रानमोडी किती हेक्टरवरून काढली आणि पुढच्या पावसाळ्यानंतर ती तिथे परत आली का, तेही. हे आकडे वाढेपर्यंत पुढची वाघीण पाठवण्याची घाई करू नये.

कळावे,
सातारा जिल्ह्यातला एक नागरिक