नोटेवरची बोटांना कळणारी खूण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोटेवर कोणाचे चित्र असावे, हा वाद आपल्याकडे दर दोन-चार वर्षांनी उकरून काढला जातो. 2022 च्या ऑक्टोबरात लक्ष्मी-गणेशाची चित्रे छापण्याची मागणी राजधानीतून झाली. त्याआधी 2016 च्या नव्या नोटांवर देवनागरी अंक का, म्हणून तमिळनाडूतले लोक न्यायालयात गेले होते. अशोकस्तंभ, गांधीजींचा चष्मा, भाषांची पट्टी यांविषयी आपण हिरिरीने बोलतो, कारण ही चिन्हे आपल्याला दिसतात. जी चिन्हे डोळ्यांसाठी छापलेलीच नाहीत, त्यांच्याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही, आणि 2011 च्या जनगणनेनुसार देशात दृष्टिबाधित असलेल्या सुमारे 50 लाख माणसांची सारी भिस्त त्याच चिन्हांवर आहे. हे पत्र त्यांच्याविषयी आहे.

मी एका बँकेत रोखपाल होतो आणि नोकरीतली बहुतेक वर्षे रोखीच्या खिडकीमागे काढली. त्या कामात नोट डोळ्यांआधी अंगठ्याला कळते. शंभराच्या पाकिटात चुकून पन्नासची नोट घुसली असेल, तर मोजता मोजता अंगठा तिथेच अडतो. जुन्या मालिकेत असे अडायला पुरेसे कारण होते. पन्नासची नोट 147 मिलिमीटर लांब, शंभराची 157, पाचशेची 167 आणि हजाराची 177. म्हणजे पायरीगणिक पूर्ण 10 मिलिमीटरचा फरक. त्यावर डाव्या बाजूला, बोटाला जाणवेल अशी एक उठावदार आकृती असे. विसाला उभा आयत, पन्नासला चौकोन, शंभराला त्रिकोण, पाचशेला वर्तुळ आणि हजाराला शंकरपाळ्याचा आकार. दहाच्या नोटेला खूण नव्हती, पण ती आकाराने या साऱ्यांहून लहान असल्यामुळे ओळखू येई. ही योजना कोणाच्या डोक्यातून निघाली ते मला ठाऊक नाही, पण ज्याने केली त्याने एकदा तरी डोळे मिटून नोट हातात धरली असणार.

नोव्हेंबर 2016 पासून आलेल्या नव्या मालिकेत शंभराची नोट 142, दोनशेची 146 आणि पाचशेची 150 मिलिमीटर लांब आहे. तिघींची रुंदी 66 मिलिमीटर. दोनशे आणि पाचशे यांच्यातला 300 रुपयांचा फरक आता 4 मिलिमीटरवर उभा आहे. वापरून मऊ पडलेली, कोपरे दुमडलेली नोट घेऊन हे 4 मिलिमीटर बोटांनी मोजून पाहावेत, म्हणजे मी काय म्हणतो ते ध्यानात येईल. मी स्वतः करून पाहिले. इतकी वर्षे नोटा मोजलेल्या माझ्या अंगठ्याने दहांपैकी चार वेळा चूक केली.

आमच्या गल्लीत एक निवृत्त संगीतशिक्षक राहतात. ते जन्मांध आहेत आणि आठवड्याचा बाजार स्वतः करतात. त्यांच्या पाकिटात नोटांच्या घड्यांची ठरलेली पद्धत आहे: दहाची नोट सरळ, विसाची एकदा आडवी दुमडलेली, पन्नासची दोनदा, शंभराची उभी. घरी कोणाकडून तरी एकदा लावून घेतले की बाजारात देताना अडचण येत नाही. अडचण येते ती सुटे परत घेताना, कारण समोरचा माणूस काही घड्या घालून देत नाही. मागच्या दिवाळीत एका दुकानात त्यांना पन्नासऐवजी विसाची नोट मिळाली, त्यांनी ती विश्वासाने पन्नासच्या घडीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी एसटीच्या वाहकाने ती उघडून दाखवली तेव्हा चूक कळली. दुकानदाराने मुद्दाम केले असे ते म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. तीस रुपयांसाठी भांडायला जायचे तर आदल्या दिवशीची नोट हीच, हे सिद्ध कसे करणार? ते मला एवढेच म्हणाले, “अहो, आता नोटेलाच विचारावं लागतं, तू कोण म्हणून.”

आता या प्रसंगातल्या दोन नोटा पाहू. नवी विसाची नोट 129 मिलिमीटर लांब, पन्नासची 135. रुंदीत फरक 3 मिलिमीटरचा. आणि उठावदार खूण? दोन्हींवर नाही. पूर्वी होती. 2016 च्या सुमारास विसाच्या आणि पन्नासच्या जुन्याच मालिकेतल्या नोटा उठावदार छपाईशिवाय निघू लागल्या आणि नव्या मालिकेत तर 100 रुपयांच्या खालच्या एकाही नोटेला ती खूण मिळाली नाही. बाजारहाट, रिक्षा, दूध, भाजी, देवळातली दक्षिणा, हे सारे व्यवहार दहा-वीस-पन्नासमध्येच होतात. ज्या नोटा सर्वाधिक हातांतून जातात, त्याच मुक्या करून ठेवल्या आहेत. विसाच्या नोटेमागे आपल्या वेरूळच्या लेण्यांचे चित्र आहे. दगडात हाताने कोरलेले, डोळे मिटून चाचपले तरी समजणारे ते शिल्प या नोटेवर मात्र अगदी गुळगुळीत आहे. महाराष्ट्रातल्या माणसाला तरी हे खटकायला हवे.

मोठ्या नोटांना खुणा आहेत, हे मान्य. शंभराला त्रिकोण आणि पाचशेला वर्तुळ कायम ठेवले, शिवाय दोन्ही कडांना तिरप्या उठावदार रेषा दिल्या. शंभराला चार, पाचशेला पाच. या रेषांची सुरुवात 2015 मध्ये जुन्या मालिकेतच झाली होती आणि ती सुधारणा खरोखर चांगली होती, कारण नोट कशीही धरली तरी कड बोटाखाली येतेच. पण दोनशेच्या नोटेलाही चारच रेषा आहेत, फक्त त्यांच्यामध्ये दोन लहान वर्तुळे आहेत. शंभर आणि दोनशे यांच्यात एवढाच फरक बोटांनी शोधायचा! दोनशेची ओळखखूण म्हणून रोमन लिपीतले ‘एच’ हे अक्षर दिले आहे. त्याचा दोनशेशी काय संबंध, हे मला डोळे उघडे असूनही उमगलेले नाही. त्यातच पाचशेचे वर्तुळ जुन्या नोटेत डाव्या बाजूला होते, ते नव्या नोटेत उजवीकडे गेले. दिसणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. ज्याने अनेक वर्षे एकाच ठिकाणी बोट नेण्याची सवय केली, त्याच्यासाठी ती घरातली पायरी रातोरात हलवल्यासारखी गोष्ट आहे. ज्यांना अंधुक दिसते त्यांची अडचण आणखी निराळी: वीस हिरवट पिवळी आणि दोनशे भडक पिवळी, या दोन नोटा संध्याकाळच्या उजेडात ओळखणे त्यांना जड जाते.

उठावदार छपाई म्हणजे काय, हेही थोडक्यात सांगतो, कारण त्यातच या दुखण्याचे मूळ आहे. धातूच्या पत्र्यावर आकृती खोल कोरतात, त्या खाचांत घट्ट शाई भरतात आणि प्रचंड दाबाखाली कागद त्या खाचांत दाबला जातो. त्यामुळे कागदावर शाईचा बारीक उंचवटा उभा राहतो. आपल्या नोटेचा कागद कापसाचा असतो. तो टिकाऊ असला तरी घामाच्या हातांतून, चुरगळलेल्या खिशांतून आणि भाजीवालीच्या ओल्या पिशवीतून फिरता फिरता हा उंचवटा झिजतो. मळकी नोट बँकेने बाजूला काढावी असा नियम असतो, पण ती काढताना डाग, फाटणे, लिहिलेले अंक हेच पाहिले जाते. खूण झिजली म्हणून नोट बाजूला काढल्याचे माझ्या संपूर्ण नोकरीत मी पाहिले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही कधी काढली नाही.

या विषयावर नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे ‘नॅब’ ही मुंबईची जुनी संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि 2019 मध्ये न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला नोटांची मापे सतत बदलण्याची गरज काय, असे विचारलेही. पुढे 1 जानेवारी 2020 रोजी रिझर्व्ह बँकेने ‘मनी’ नावाचे मोबाइल अॅप आणले. कॅमेऱ्यापुढे नोट धरली की ते किंमत बोलून सांगते आणि इंटरनेटशिवायही चालते. उपयोगी आहे, आमच्या गुरुजींच्या फोनमध्येही आहे. पण गर्दीच्या बाजारात एका हातात पिशवी, एका हातात पांढरी काठी असताना तिसऱ्या हाताने फोन काढून नोट त्यापुढे धरायची, आणि मागची रांग ओरडत असताना तो बोलण्याची वाट पाहायची, हे कोणी करून दाखवावे. ‘आता सगळे स्कॅन करून पैसे देतात, नोटा हव्यात कशाला’, असेही सांगितले जाते. दुकानातली पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारी पेटी अंध विक्रेत्याला वरदान ठरली आहे, हे मी नाकारत नाही. तरीही नोट ही सरकारने दिलेली वस्तू आहे आणि ती ज्याच्या हाती पडेल त्याला ओळखता आली पाहिजे.

नाण्यांच्या बाबतीत हे आपल्याला जमले आहे. 7 मार्च 2019 रोजी 1, 2, 5, 10 आणि 20 रुपयांच्या नाण्यांची मालिका दृष्टिबाधितांचा विचार करून काढली गेली. त्यातले 20 रुपयांचे नाणे बारा बाजूंचे आहे आणि खिशातही चटकन कळते. ऑस्ट्रेलियात नोटांची लांबी मुळातच वेगवेगळी होती, तरी एका अंध शाळकरी मुलाच्या मागणीनंतर 2016 पासून तिथल्या नव्या नोटांवर उठावदार ठिपके आले. उलट अमेरिकेच्या साऱ्या नोटा आजही एकाच मापाच्या आहेत आणि 2008 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने हा अंधांवरचा अन्याय ठरवला. श्रीमंत देशाचेच अनुकरण करायचे तर निदान योग्य देश निवडावा.

काही जण नोटेवर ब्रेल लिपी छापा म्हणतात. मला ते पटत नाही. मधुमेहाने किंवा काचबिंदूने उतारवयात दृष्टी गेलेल्यांना ब्रेल येत नाही, आणि बारीक ठिपके झिजले की एका आकड्याचा दुसरा होतो. त्यापेक्षा त्रिकोण, चौकोन, वर्तुळ बरे. दहा, वीस आणि पन्नास यांना मोठ्या आकाराच्या उठावदार आकृत्या आणि कडेच्या रेषा आधी द्याव्यात. छपाईचा खर्च वाढेल, पण तो खर्च जुन्या मालिकेत वीस-पन्नासला परवडत होताच. मापे आत्ताच पुन्हा बदलू नयेत असे माझे मत आहे, कारण वारंवार होणारा बदल हाच अंध माणसाला सर्वांत महाग पडतो. मात्र पुढची मालिका जेव्हा निघेल तेव्हा 10 मिलिमीटरची पायरी परत यावी आणि खुणांची जागा एकदाची पक्की व्हावी. एटीएमच्या यंत्रांची सबब सांगू नये. 2016 मध्ये लहान नोटांसाठी देशभरातली यंत्रे जुळवून घेतलीच होती.

रिझर्व्ह बँक कायद्याच्या 25 व्या कलमानुसार नोटेचा आराखडा बँकेच्या मध्यवर्ती मंडळाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार मंजूर करते. 1928 पासून नोटा छापणारे नाशिक आपल्या राज्यात आहे आणि ‘नॅब’ मुंबईत आहे. नमुना छापला की तो मंजुरीला जाण्यापूर्वी दोन-चारशे दृष्टिबाधितांच्या हातात द्यावा, नवा आणि मुद्दाम चुरगळून मळवलेला असा दोन्ही, आणि त्यांनी ओळखल्यावरच पुढे पाठवावा. आमचे गुरुजी त्यासाठी नाशिकला स्वखर्चाने यायला तयार आहेत, असे त्यांनी मला या पत्रात लिहायला सांगितले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त रोखपाल, सातारा