मुद्देमाल सापडला म्हणजे चोर सापडला का?

संपादक साहेब, नमस्कार.

घरफोडीला साक्षीदार आणायचा कुठून हो? घर बंद, मालक गावाला, रात्री दोनला कुलूप तोडून चोर आत जातो आणि शेजारी गाढ झोपेत, त्यामुळे "कोणी बघितलंच नाही तर शिक्षा कशी" हे जे लोक विचारतात त्यांचं ऐकलं तर घरफोडीत कधी कुणाला शिक्षाच होणार नाही. परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा होते आणि व्हायलाच पाहिजे. ज्याचा त्या घराशी काडीचा संबंध नाही अशा माणसाचे ठसे कपाटाच्या आत मिळाले तर अंधारात तोंड बघितलेल्या साक्षीदारापेक्षा ते कधीही पक्के.

पण ठसे नसले की सगळी केस "मुद्देमाल हस्तगत" वर उभी करतात, आणि माझं म्हणणं तिथेच आहे. जुन्या एव्हिडन्स ॲक्टचं कलम 114, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात 119, त्यात आहे की चोरीनंतर लगेच ज्याच्याकडे माल सापडला आणि तो कुठून आला हे त्याला सांगता येत नाही, तो एकतर चोर किंवा चोरीचा माल माहीत असून घेणारा, असं कोर्ट धरू शकतं. धरू शकतं, धरलंच पाहिजे असं नाही. आणि चोर की माल घेणारा यात फरक किती, तर रात्रीच्या घरफोडीला 14 वर्षांपर्यंत आणि चोरीचा माल घेण्याला 3 वर्षांपर्यंत! म्हणजे माल चार महिन्यांनी सापडला तर तो मधे किती हातातून फिरला हे बघायला नको का?

त्यात सोन्याचं तर विचारूच नका. दागिने वितळवून लगड केलेली असते, ती पोलीस जप्त करतात आणि फिर्यादी येऊन म्हणतो हेच माझं मंगळसूत्र. लगडीवरून मंगळसूत्र ओळखणार कसं? वर पंच, म्हणजे जप्तीच्या वेळी पोलीस साक्षीला घेतात ती माणसं. आयत्या वेळी सही करणारे, कोर्टात गेले की "माझ्यासमोर काही झालं नाही", फितूर. मग उरतं काय, तर आरोपी रेकॉर्डवरचा आहे एवढंच. (अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा 1952 ला रद्द झाला, तरी चोरी झाली की गाडी आधी पारधी वस्तीवरच जाते, हे पण बोलायला हवं.)

सुप्रीम कोर्टाने 1984 ला पुण्याच्या शरद सारडा खटल्यात सांगून ठेवलंय की परिस्थितीजन्य पुराव्यांची साखळी पूर्ण पाहिजे, आणि आरोपी निर्दोष असण्याची वाजवी शक्यता उरता कामा नये. "यानेच केलं असेल" आणि "यानेच केलंय" यात अंतर आहे. केस खुनाची होती, पण नियम घरफोडीलाही तोच.

1 जुलै 2024 पासून नवीन कायद्यात झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग सक्तीचं झालंय, मोबाईलवर केलं तरी चालतं, म्हणजे आता पंच फिरला तरी बघायला काहीतरी असणार. म्हणून एक विनंती, पुढच्या वेळी "सराईत चोरटा जेरबंद" छापायच्या आधी तुमच्या वार्ताहराला एवढं विचारायला सांगा की जप्तीचं शूटिंग झालंय का, दागिने आख्खे मिळाले की लगड, आणि चोरी होऊन किती दिवसांनी मिळाले.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज