सेल्टिक्सचा इतिहास गुणांच्या सरासरीत मावत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत गेल्या रविवारी बोस्टन सेल्टिक्स या अमेरिकी बास्केटबॉल संघाविषयी आलेला लेख आवडीने वाचला. वॉल्टर ब्राऊन यांनी १९४६ मध्ये उभारलेल्या आणि २०२४ पर्यंत अठरा अजिंक्यपदे मिळवलेल्या या संघाची ओळख एका पानात करून देणे सोपे नाही, हे मान्य. तरीही लेखासोबतच्या चौकटीबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. संघाचे ‘सर्वोत्तम पाच’ तिथे प्रतिसामना सरासरी गुणांवरून निवडले आहेत, आणि त्यामुळे बिल रसेलचे नाव त्यात नाही. तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे मिळवून देणारा खेळाडू ज्या मापात बसत नाही, ते माप या संघाला लावावे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) इतिहासात सरासरी गुणांत संपूर्ण लीगमध्ये पहिला येण्याचा मान सेल्टिक्सच्या एकाही खेळाडूला कधी मिळालेला नाही. १९८० च्या दशकातला संघाचा सर्वात मोठा तारा लॅरी बर्ड, त्यालाही नाही. गुण मिळवण्यात हा संघ मुळातच कमी पडत होता असे कोणी म्हणेल, तर रसेल येण्यापूर्वीचे सेल्टिक्स पाहावेत. प्रशिक्षक रेड अवरबाख यांच्या हाताखाली बॉब कूझी, बिल शर्मन आणि एड मॅकॉली खोऱ्याने गुण मिळवत होते, पण १९५७ पर्यंत संघाने अंतिम फेरीचे तोंडही पाहिले नव्हते. अवरबाख यांना चेंडू बास्केटमध्ये टाकणारा आणखी एक खेळाडू नको होता. समोरच्यांचा नेम चुकला की चेंडू ताब्यात घेणारा हवा होता. म्हणून १९५६ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू आळीपाळीने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत) मॅकॉली आणि क्लिफ हेगन सेंट लुई हॉक्सला देऊन त्यांनी रसेलला घेतले. हॉक्सचा हा व्यवहार अगदीच मूर्खपणाचा होता असे हल्ली लिहिले जाते, ते मला अन्यायाचे वाटते, कारण याच दोघांच्या साथीने हॉक्सने १९५८ मध्ये सेल्टिक्सला हरवून अजिंक्यपद मिळवले. अर्थात त्या मालिकेत रसेलचा घोटा दुखावला होता, हेही सांगायला हवे.

रसेल नेमके काय करत असे, हे लेखात ‘उत्तम बचावपटू’ एवढ्या दोन शब्दांत आटोपले आहे. प्रतिस्पर्ध्याचा फटका हवेत अडवताना बहुतेक खेळाडू चेंडूवर सणसणीत थाप मारतात. चेंडू प्रेक्षकांत जातो, टाळ्या पडतात आणि चेंडूचा ताबा पुन्हा प्रतिस्पर्ध्याकडेच राहतो. डावखुरा रसेल मात्र बोटांनी चेंडूला नुसता धक्का देई, तोही असा की तो मैदानाबाहेर न जाता आपल्याच हातात किंवा सहकाऱ्याच्या पुढ्यात पडावा. तोवर कूझी धावू लागलेला असे, आणि ज्या बास्केटखाली दोन गुण जायचे तिथून निघालेला चेंडू काही क्षणांत पलीकडच्या बास्केटमध्ये पडे. हे गुण नोंदवहीत ज्याने बास्केट केली त्याच्या नावावर लागत. रसेलने चेंडू अडवल्याची नोंद कुठेच होत नसे, कारण एनबीएने असे ब्लॉक (अडवलेले फटके) मोजायला सुरुवात केली ती १९७३-७४ च्या हंगामात, आणि रसेल निवृत्त झाला १९६९ मध्ये.

स्टीलची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावून घेण्याची, हीच गत. १५ एप्रिल १९६५ रोजी फिलाडेल्फियाविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्यात पाच सेकंद उरले असताना सेल्टिक्स ११०-१०९ असे आघाडीवर होते. मैदानाबाहेरून चेंडू आत टाकताना खुद्द रसेलच चुकला. चेंडू बास्केटला आधार देणाऱ्या तारेला लागला आणि ताबा फिलाडेल्फियाकडे गेला. हॅल ग्रीअरने चेट वॉकरच्या दिशेने पास टाकला, तेव्हा सेल्टिक्सच्या जॉन हॅवलिचेकने मध्येच झेप घेऊन तो सहकारी सॅम जोन्सकडे वळवला आणि सामना तिथेच संपला. बास्केटबॉलच्या इतिहासात इतका गाजलेला स्टील दुसरा नसेल, पण अधिकृत आकडेवारीत तो स्टील म्हणून नाहीच.

हॅवलिचेकचे नाव आपल्या चौकटीत असते तर मला आनंद झाला असता, पण तेही सरासरीपुरते नको. संघासाठी सर्वाधिक, म्हणजे २६,३९५ गुण मिळवणाऱ्या या खेळाडूची सुरुवातीची अनेक वर्षे बाकावरून उठून मैदानात येण्यात गेली. सामन्याच्या सुरुवातीला मैदानात कोण आहे याला अवरबाख फारसे महत्त्व देत नसत. पहिले पाच दमले की ताज्या दमाचा तितकाच चांगला सहावा गडी उतरवायचा, ही युक्ती त्यांनी आधी फ्रँक रॅम्सीला घेऊन रुजवली, नंतर हॅवलिचेकला घेऊन. पुढे १९८० च्या दशकात केविन मॅकहेलनेही तीच भूमिका केली. कमी वेळ खेळलेल्याची सरासरी खालीच राहणार.

लेखात संघाने वर्णभेदाच्या भिंती मोडल्याचा उल्लेख आहे, आणि तो रास्त आहे. १९५० मध्ये चक कूपर हा एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला, १९६४ मध्ये सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय असलेला लीगमधला पहिला संघ सेल्टिक्सनेच उतरवला, आणि १९६६ मध्ये रसेल खेळाडू असतानाच प्रशिक्षक झाला. मात्र संघाचे धोरण म्हणजे शहराचे वागणे नव्हे. बोस्टनजवळच्या रेडिंग गावातले रसेलचे घर फोडून नासधूस करण्यात आली होती. १९७२ मध्ये त्याची सहा क्रमांकाची जर्सी सन्मानाने छताला टांगली गेली, ती त्याच्याच इच्छेवरून प्रेक्षकांना आत सोडण्यापूर्वी, मोजक्या सहकाऱ्यांसमोर. लेखातल्या त्या परिच्छेदाला ही दुसरी बाजू जोडायला हवी होती.

अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार २००९ पासून रसेलच्या नावाने दिला जातो. २०२४ मध्ये डॅलसविरुद्ध जेसन टेटमने संघासाठी सर्वाधिक गुण, रिबाऊंड (नेम चुकलेला चेंडू ताब्यात घेणे) आणि असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटला साहाय्य करणारा पास) नोंदवले, तरी तो पुरस्कार जेलन ब्राऊनला मिळाला. डॅलसचा प्रमुख खेळाडू लुका डॉन्चिच याला रोखण्याचे काम प्रामुख्याने ब्राऊनने केले होते.

तेव्हा पुढच्या वेळी अशी यादी छापताना गुणांच्या सरासरीशेजारी अजिंक्यपदांचा एक रकाना द्यावा आणि ब्लॉक व स्टील १९७३-७४ पासूनच मोजले जातात, एवढी एका ओळीची तळटीप टाकावी, ही विनंती.

कळावे,
आपला एक नियमित वाचक