देठ खायचे, पानं नाहीत

वेकफिल्ड, यॉर्कशायर
फेब्रुवारी अखेर

ति. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आई, माझ्या परसातल्या रुबार्बच्या, म्हणजे आंबट देठांसाठी लावतात त्या इथल्या झाडाच्या, पानांच्या वड्या होतील का असं तू परवा फोनवर विचारलंस, तेव्हा मी कामाच्या गडबडीत होते. हे नीट सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले. फोटोतली ती पानं अळूसारखी मोठी नि तजेलदार दिसतात खरी, पण त्यांच्या वड्या करायच्या नाहीत. भाजीही नाही. ती विषारी असतात. अळूची खाज आपण चिंच घालून, भरपूर शिजवून घालवतो. यांच्यातलं ऑक्झॅलिक ॲसिड शिजवून जात नाही. पहिल्या महायुद्धात भाजीपाल्याची टंचाई झाली तेव्हा ही पानं खा असा सल्ला इथल्या लोकांना दिला गेला होता, आणि त्यातून विषबाधा झाल्या. तुम्ही मे महिन्यात याल तेव्हा मी दिवसा ऑफिसात असेन. तू परसात जाऊन काहीतरी खुडून आणणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. खुड, पण पान देठापासून तिथेच तोडून टाक. कंपोस्टच्या पिंपात टाकलं तरी चालतं.

देठ मात्र तुला फार आवडतील. चव कच्च्या कैरीच्या जवळची. तुकडे करून साखर नि आलं घालायचं आणि मंद आचेवर ठेवायचं. पाणी घालू नकोस, त्याचं त्यालाच भरपूर सुटतं. ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊ नकोस, आंबटानं ते खराब होतं, स्टीलचं घे. मला तुझ्या हातचा मुरांबा हवाय, वेलची घातलेला.

बाबा, तुम्हाला मात्र देठही नाहीत. ऑक्झॅलेट देठातही असतं, पानापेक्षा कमी एवढंच. डॉक्टरांनी मुतखड्यामुळे पालक बंद करायला सांगितलाय ना, त्याच यादीत हेही धरा. चमचाभर चवीला घेऊ, असं आईला म्हणू नका. ती नाही म्हणणार नाही, म्हणून मीच सांगतेय.

वाईला लावायला एक तुकडा न्यायचं तुमच्या मनात आहे. मलाही तुमच्या हातून तो जगलेला बघायला आवडलं असतं. पण या झाडाला थंडीत झोपावं लागतं. हिवाळ्यात वरचं सगळं वाळून नाहीसं होतं, जमिनीत फक्त गड्डा राहतो, आणि कित्येक आठवडे कडक गारठा मिळाल्यावरच तो जोमानं फुटतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कधीमधी हिमकण दिसतात, तेवढ्यानं भागत नाही. पुढे आपला एप्रिल-मे त्याला सोसवत नाही, आणि पावसाळ्यात पाणी साचलं की गड्डा कुजतो. शिवाय माती-मुळं विमानातून न्यायला परवाने लागतात.

त्यापेक्षा इथे येऊन बघा. शेजारच्या आजींनी त्यांचा जुना ठोंब कुदळीनं फोडून मला एक फोड दिली होती, डोळा असलेली. दर पाचेक वर्षांनी असा फोडला नाही तर देठ बारीक येत जातात. डोळा मातीच्या वर डोकावेल असा लावलाय, भोवती मीटरभर जागा आणि चांगलं कुजलेलं शेणखत. पहिल्या वर्षी एकही देठ काढायचा नसतो, कारण पानांनी केलेलं अन्न गड्ड्यात साठायला हवं. गेल्या वर्षी मी हात लावला नाही. यंदा थोडे काढू. सुरीनं कापायचे नाहीत, बुडाशी धरून जरा पिळत ओढायचे. निम्मे तरी ठेवायचे, आणि जून संपला की थांबायचं. फुलाचा दांडा दिसला की लगेच काढायचा.

आमचं वेकफिल्ड, मोर्ली आणि रॉथवेल यांच्यामधल्या भागाला रुबार्बचा त्रिकोण म्हणतात. इथल्या शेतकऱ्यांची रीत ऐकून बाबा, तुम्ही थक्क व्हाल. दोन वर्षं गड्डे शेतात नुसते पोसतात, देठ काढत नाहीत. थंडी खाल्ली की ते उपटून उबदार, पूर्ण अंधाऱ्या शेडमध्ये मांडतात. उजेड नसल्यामुळे साठवलेल्या अन्नावरच गुलाबी, कोवळे देठ वर येतात. कोंब उघडताना टपटप आवाज ऐकू येतो, आणि काढणी मेणबत्तीच्या उजेडात होते. पूर्वी इथल्या लोकरीच्या गिरण्यांमधला कचरा या शेतांना खत म्हणून जायचा. त्यात नायट्रोजन भरपूर. २०१० मध्ये या रुबार्बला युरोपचं भौगोलिक संरक्षण मिळालं, आपल्याकडच्या जीआय मानांकनासारखं. त्या शेड हिवाळ्यातच चालू असतात, म्हणून पुढच्या वेळी तुम्ही फेब्रुवारीत यावं असं मला फार वाटतं. थंडीची काळजी करू नका, गरम कपड्यांचं मी बघते.

आई, येताना वेलची आणि घरची सुंठ आण. बाबा, सोनोग्राफीचा मागचा रिपोर्ट प्रवासाच्या बॅगेत वरच ठेवा, आणि त्याचा फोटो मला आधी पाठवा. तिकिटं मी या आठवड्यात काढतेय.

तुमची लेक