‘सी’ फॉरमॅट मारण्याआधी ‘डी’ची की लिहून घ्या

महोदय,

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि दुरुस्तीच्या दुकानांत लॅपटॉपवर नव्याने विंडोज ११ टाकून घेणाऱ्यांची संख्या वाढली. ‘सी फॉरमॅट मारा, डीमधलं राहू द्या’ (म्हणजे विंडोज असलेला सी ड्राइव्ह पुसा, डी ड्राइव्हमधल्या फाइल ठेवा) ही आपल्याकडची जुनी सूचना मात्र आता घातक ठरू शकते. डिव्हाइस एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय ड्राइव्हमधले काहीही वाचता येऊ नये म्हणून विंडोजने लावलेले कुलूप) सुरू असेल तर सीबरोबर डीसुद्धा एन्क्रिप्ट झालेला असतो. रोज तो आपोआप उघडतो, कारण त्याची किल्ली जुन्या विंडोजने सांभाळलेली असते. सी पुसला की ती किल्लीही जाते. मग नव्या विंडोजमध्ये डीवर कुलपाचे चिन्ह दिसते आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. डीची की सीपेक्षा वेगळी असते, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते.

ही की नसेल तर दुकानदार काहीही करू शकत नाही. एसएसडी (लॅपटॉपमधली डिस्क) काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावली तरी तीच की लागते. ‘बिटलॉकर (विंडोजच्या याच कुलपाचे नाव) तोडून देतो’ म्हणणाऱ्याला कृपया पैसे देऊ नका.

लॅपटॉप चालू आहे तोवर काम सोपे आहे. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली (विंडोज १० मध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’खाली) ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ पाहा; प्रो आवृत्तीत कंट्रोल पॅनेलमधले ‘बिटलॉकर’ उघडा. सुरू असेल तर दोन्ही ड्राइव्हच्या की कागदावर उतरवा. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात. सोबत की आयडीची पहिली आठ अक्षरेही लिहा, म्हणजे कोणती की कोणत्या ड्राइव्हची हा घोळ होत नाही. मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर की सहसा आपोआप जमा होते, पण ती कोणाच्या अकाउंटवर, हा खरा प्रश्न. नवा लॅपटॉप दुकानातल्या मुलाच्या किंवा भाच्याच्या ईमेलने सुरू करून घेतला असेल, तर की तिथे गेलेली असते.

यानंतर एन्क्रिप्शन बंद करा. चार्जर लावून ठेवा. ड्राइव्ह भरलेला असेल तर काही तासही लागतात. काम पुरे झाले का, हे पाहायला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘manage-bde -status’ ही कमांड द्यावी. दोन्ही ड्राइव्हपुढे ‘फुली डिक्रिप्टेड’ दिसले पाहिजे. अर्ध्यावर असताना पेन ड्राइव्ह लावून इन्स्टॉल सुरू केले, तर डीला कुलूप तसेच राहते. आणि डी वाचणार असला तरी फोटो, कागदपत्रे बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्याच. इन्स्टॉल करताना पार्टिशनच्या (डिस्कच्या भागांच्या) यादीत चुकीच्या ओळीवर ‘डिलीट’ दाबले जाणे ही नेहमीची चूक आहे, आणि तिथे डीचे नाव नेहमीसारखे दिसेलच असे नाही. आकारावरून ओळखावे लागते.

इन्स्टॉलसाठी किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो; तो आधी रिकामा करा, कारण बनवताना पुसला जातो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये इन्स्टॉल करताना ड्राइव्हच दिसत नाही. एसएसडी गेली असे समजून नवी घेऊ नका. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’ने द्यावा.

दुकानदारांना विनंती, लॅपटॉप घेतानाच पावतीवर ‘एन्क्रिप्शन: आहे/नाही, की मिळाली: होय/नाही’ ही ओळ भरून ग्राहकाची सही घ्या. बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) अपडेट करताना किंवा मदरबोर्ड बदलतानाही रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, म्हणून ही ओळ फक्त फॉरमॅटच्या पावतीपुरती ठेवू नये.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केले, की बहुतेक लॅपटॉपवर एन्क्रिप्शन न विचारता पुन्हा सुरू होते आणि नव्या की तयार होतात. जुना कागद फाडून त्याच दिवशी नव्या की लिहून घ्याव्यात. तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नये.

– एक संगणक दुरुस्ती तंत्रज्ञ, कोल्हापूर