पेन्शनच्या चर्चेत खासगी कामगार कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी कर्मचाऱ्यांसाठी जुनी पेन्शन चांगली, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) चांगली की केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून लागू केलेली एकीकृत योजना चांगली, यावर आपल्या दैनिकात बरीच पत्रे आली. खासगी कंपनीतून निवृत्त झालेल्या माणसाला किती मिळते, हे मात्र त्यांतल्या एकाही पत्रात नव्हते. माझी सारी नोकरी एका खासगी कारखान्याच्या वेतन विभागात गेली. निवृत्त होणाऱ्यांना त्यांच्या पेन्शनचा आकडा सांगण्याचे काम माझ्याकडे असे, आणि 'पुन्हा एकदा बघा हो, काहीतरी चुकलंय' हे उत्तर ठरलेले असे. चुकलेले काहीच नसे.

हिशेब सोपा आहे. मालक पीएफपोटी वेतनाच्या १२ टक्के भरतो, त्यांपैकी ८.३३ टक्के रक्कम १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत जाते, पण ती पूर्ण पगारावर नव्हे, ठरवून दिलेल्या वेतनमर्यादेवर. ही मर्यादा २००१ मध्ये ६,५०० रुपये झाली आणि थेट सप्टेंबर २०१४ मध्ये १५,०००. मग दहा वर्षांहून अधिक काळ ती तिथेच ठाण मांडून बसली. पेन्शनचे सूत्र असे: पेन्शनपात्र वेतन (म्हणजे या मर्यादेपर्यंतचेच) गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला ६,५०० चीच मर्यादा लागते. समजा, एखादा फिटर योजना सुरू झाली तेव्हा, नोव्हेंबर १९९५ मध्ये, कामाला लागला आणि २०२४ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला. शेवटी त्याचे मूळ वेतन चाळीस हजार असले, तरी वीस वर्षांच्या सेवेबद्दल मिळणारी दोन वाढीव वर्षे जमेस धरूनही त्याची पेन्शन साडेचार हजारांच्या आतच राहते. त्यावर महागाई भत्ता नाही. आज ठरलेला आकडा त्याच्या सत्तरीतही तोच राहणार.

आता एकीकृत योजना पाहा. पंचवीस वर्षे सेवा केलेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन आणि वर महागाईनुसार वाढ. दहा वर्षेच झाली असतील तरी किमान १०,००० रुपये. खासगी कामगाराला दहा वर्षांनंतर हमी आहे ती १,००० रुपयांची, तीही २०१४ पासून. एकीकृत योजनेत केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यासाठी १८.५ टक्के भरते. आमच्यासाठी भरते १.१६ टक्के, तेही वेतनमर्यादेपुरते, म्हणजे महिन्याला फार तर १७४ रुपये. सरकारी कर्मचाऱ्यांना मिळाले याचा मला हेवा नाही. त्यांनी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप केला, सरकारला दखल घ्यावी लागली. पण आमच्याच राज्यात श्रावणबाळ योजनेत एक पैसाही न भरता दीड हजार मिळतात (ते मिळायलाच हवेत), आणि आयुष्यभर ज्याच्या नावे वर्गणी भरली गेली त्याची किमान पेन्शन त्याहून कमी, हा हिशेब कोणत्या धोरणात बसतो?

कंपन्यांनीही यात अंग काढून घेतले आहे. एकेकाळी मोठ्या कंपन्यांत सुपरअॅन्युएशन फंड असे. शेवटच्या पगाराशी जोडलेली पेन्शन देण्याची जबाबदारी कंपनीची असे आणि पैसे कमी पडले तर भर तिने घालायची. पुढे कंपनीने फक्त ठरलेली रक्कम भरायची, पेन्शन किती निघेल ते बाजार आणि विमा कंपनी ठरवणार, अशी व्यवस्था आली. नंतर 'हवे तर पगारातच घ्या' म्हणून तीही पातळ झाली. कुठे संप नाही, कुठे मोर्चा नाही. नव्याने लागलेल्या मुलांना असे काही होते हेच माहीत नाही. त्यांच्या नेमणूकपत्रात तर मालकाचा पीएफचा हिस्साही 'सीटीसी'त (कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चात) धरलेला असतो, म्हणजे मालकाचा हिस्सा कामगाराच्याच खिशातून! कंत्राटी कामगारांचे आणखी वाईट. दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलतो, दरवेळी फॉर्म १०-सी भरून पेन्शनचे पैसे काढले जातात आणि पात्रतेची दहा वर्षे कधी पुरीच होत नाहीत. सेवा पुढे जोडणारे स्कीम सर्टिफिकेट घेता येते, हे त्यांना कुणी सांगत नाही.

२०१३ मध्ये भगतसिंग कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने किमान पेन्शन ३,००० करण्याची शिफारस केली. समितीचे अध्यक्ष पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झाले आणि राजीनामा देऊन गेलेही, शिफारस आहे तिथेच आहे. पेन्शनरांची आजची मागणी ७,५०० आणि महागाई भत्त्याची आहे. निधीत तूट येईल, हे सरकारचे उत्तर मी उडवून लावणार नाही. इतक्या तुटपुंज्या वर्गणीत मोठी पेन्शन बसत नाही, हे वेतन विभागातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. पण वर्गणी तुटपुंजी ठेवली कोणी? मर्यादा गोठवली की मालकाची वर्गणीही गोठते आणि सरकारचे १.१६ टक्केही. वाचतात ते या दोघांचे पैसे.

म्हणून माझे म्हणणे किमान पेन्शनपाशी थांबत नाही. वेतनमर्यादा महागाई निर्देशांकाला जोडा, म्हणजे ती वाढवायला दरवेळी तेरा-चौदा वर्षे लागणार नाहीत. सरकारने आपला १.१६ टक्क्यांचा वाटा वाढवावा. सुमारे ८० लाख पेन्शनरांचा हा प्रश्न आहे. आपल्या भागातल्या खासदारांना या वेतनमर्यादेबद्दल काय वाटते, हे आपल्या वार्ताहरांनी त्यांना एकदा विचारावे आणि उत्तरे नावानिशी छापावीत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वेतन लिपिक