मोरोशीची भिंत

चि. ओवीस,
अनेक आशीर्वाद.

न्यूझीलंडमधल्या रुआपेहूचे फोटो पोचले. बर्फातला डोंगर देखणा आहे खरा. पण खाली "आई, असला ज्वालामुखी आपल्याकडे कुठे?" असं लिहिलंस, त्यावर मी गप्प बसले तर जन्मभर भूगोल शिकवला तो कशाला!

परवा आजीला भेटायला ओतूरला गेलो. बाबांचं म्हणणं, जरा उघडीप मिळू दे. जुलै महिन्यात, माळशेजला, उघडीप! शेवटी मीच किल्ली घेतली. मुरबाडपर्यंत नेहमीचा पाऊस होता. टोकावडे मागे पडलं आणि समोरचं काही दिसेना. त्यात जो तो गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकवत चाललेला. चालत्या गाडीला ते कशाला हवेत? पुढचा वळतोय की थांबलाय, पत्ताच लागत नाही. धुक्यात हेडलाइट लो बीमवर ठेवावेत आणि कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवून सावकाश जावं. तिकडे डेझर्ट रोडलाही असंच कर.

मोरोशीला चहाला थांबलो तेव्हा ढग जरा सरकला आणि भैरवगड दिसला. डोंगरावर उभी राहिलेली ती सरळसोट कातळभिंत तुला आठवत असेल. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तीच आहे. आपल्याकडे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा आला तो रुआपेहूसारख्या शंकूच्या तोंडातून नव्हे, तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून. एक लोट थिजला की त्यावर दुसरा, मध्ये कधी हजारो वर्षांची उसंत. जो लाव्हा भेगेतच अडकून गोठला, त्याच्या उभ्या भिंतीला डाइक म्हणतात. भोवतालचा खडक झिजून गेला आणि भैरवगडाची डाइक उघडी पडली. रुआपेहू २,७९७ मीटर उंच आहे, १९९५-९६ मध्ये फुटलाही होता; मान्य. पण आपला लाव्हा झिजून झिजून आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. हे सगळं ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे आपण ज्वालामुखीत बसून भजी खातोय तर!" आणि आणखी एक प्लेट मागवली.

घाटात दरड आली होती. मोठी नव्हती, पण रस्ता अडला. एसटीचा ड्रायव्हर खाली उतरून सगळ्यांना सांगत होता, जेसीबी निघालाय. मी आधी गाडी मागे घेतली, डोंगर जरा लांब होता तिथपर्यंत. बाबा घोरायला लागले. मी काच पुसत समोरचा कडा बघत बसले. काळा थर, मग हातभर विटकरी लाल पट्टा, पुन्हा काळा. दोन लोटांच्या मधल्या काळात वरचा खडक कुजून माती झाली आणि पुढच्या लोटाने ती भाजून काढली, तो हा लाल पट्टा. उन्हाळ्यात तो नुसता रंग वाटतो. पावसात मात्र त्याचं काम दिसतं. काळ्या कातळाच्या फटींतून मुरलेलं पाणी त्या मातीवर अडतं आणि आडवं बाहेर पडतं. त्या पट्ट्याच्या रेषेवर झिरपे ओळीने सुटले होते. माती अशी भिजून निसटत गेली की वरच्या कातळाचा आधार जातो. रस्त्यासाठी डोंगर उभा कापला की दरडी कोसळायला आणखीच वाव मिळतो. जाळ्या लावून धोंडे थोपवता येतात, पाणी कसं थोपवणार?

एक मांजऱ्या दगड घरंगळत पार आमच्यापर्यंत आला होता. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांची त्याला आंबोळीसारखी जाळी पडलेली, काही भोकांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे स्फटिक. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात आहेत त्या जातीचे, फक्त बारके. उतरून उचलायचा फार मोह झाला. पण वरून अजून माती सुटत होती, म्हणून काचेतूनच पाहिला.

रस्ता मोकळा झाल्यावर बोगदा ओलांडून वर आलो. मढच्या पुढे पावसाचा जोर ओसरला आणि ओतूरला नुसती भुरभुर. सगळा पाऊस कड्यावर रिता होतो, पलीकडे उरतं ते एवढंच.

आता माझं एक काम कर. रुआपेहूच्या बर्फाचे फोटो पुरेत. रस्त्यासाठी डोंगर कापलेला दिसेल तिथे सुरक्षित जागी थांब आणि आतल्या थरांचा फोटो पाठव. आमच्यासारखे सपाट लोट आहेत की राखेचे थर, ते मला बघायचंय.

आजी बरी आहे. तुझ्यासाठी मधाची बाटली भरून ठेवली होती. न्यूझीलंडमध्ये मध नेऊ देत नाहीत, हे सांगितलं तर म्हणते, "तिथल्या माश्यांना काय वाटतं गं त्यात?" बाटली बाबांनी घेतली आणि अर्धी संपवलीसुद्धा.

तुझी,
आई